पाठीचा घसारा

गाढवाच्या पाठीवर किती ओझे लादावे, हे आपल्या देशात कायद्याने ठरलेले आहे. ५० किलो. तट्टाला ७०, खेचराला २००, उंटाला २५०. बैल लहान असेल तर १००, मध्यम असेल तर १५० आणि चांगला थोराड असेल तर १७५. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांना क्रूरपणे वागवले जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले, त्यांत हे आकडे आहेत. जनावराकडून दिवसाकाठी ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, सलग ५ तासांपेक्षा जास्त राबवू नये, आणि जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्याला जुंपू नये, असेही त्यांत म्हटले आहे.

नियम शहाणपणाचे आहेत. ते कोण पाळतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मला सांगायचे आहे ते निराळेच. ज्या वर्षी गाढवाच्या पाठीची मर्यादा ५० किलो ठरली, त्या वर्षी हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, वर्धा यांपैकी कोणत्याही बाजारात जाऊन पाहिले असते, तर हमालाच्या पाठीवर १०० किलोचे पोते दिसले असते. धान्याचे पोते क्विंटलाचे, साखरेचे पोते क्विंटलाचे. शेतकऱ्याची बंडी बाजारात आली की बैलांना सोडून सावलीत बांधत, त्यांच्यापुढे कडबा टाकत, आणि मग बंडीतला माल उतरवायला माणसे पुढे होत. भर दुपारी, उन्हात.

हमालांविषयी बोलू लागले की आपला सूर लगेच कळवळ्याचा होतो. बिचारे किती कष्ट करतात, असे म्हणून आपण चहा पितो. या कळवळ्याने आजवर एकाही पोत्याचे वजन कमी झाले नाही. म्हणून या लेखापुरता तो बाजूला ठेवून मी कामाच्या उरकाविषयी बोलणार आहे. तीस-पस्तीस वर्षे बँकेत आकडे लिहिण्यात घालवलेल्या माणसाला तेच जमते. शिवाय व्यापारी, कंत्राटदार आणि घर बांधायला काढलेले आपल्यासारखे पांढरपेशे यांची नेहमीची तक्रार उरकाचीच असते. “पूर्वीचे हमाल क्विंटलाचे पोते लीलया उचलत, आताच्या पोरांना पन्नास किलो जड जाते. माणसेच राहिली नाहीत हो!” ही तक्रार मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की ती एखाद्या आरतीसारखी मला पाठ झाली आहे. ती खरी आहे का, हे तपासण्याजोगे आहे.

बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी गोदामांत जावे लागे. हरभऱ्याच्या, तुरीच्या, गव्हाच्या थप्प्या मोजायच्या, वहीतला आकडा आणि जमिनीवरचा आकडा जुळवायचा आणि सही करून निघायचे. थप्पी मोजणे हे कंटाळवाणे काम आहे. मधूनमधून माणसाचे लक्ष भलतीकडे जाते. माझे हमालांकडे जाई. एका गोदामापुढे दगडी ओटा होता, ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा. ट्रक उलटा येऊन त्याला टेकला की ट्रकची जमीन आणि ओट्याची जमीन एक होई. पोते घ्यायचे, चार पावले सरळ चालायचे आणि थप्पीवर टाकायचे. दुसऱ्या एका गोदामापुढे काहीच नव्हते. ट्रक रस्त्याच्या पातळीवर, गोदामाची जमीन दोन पायऱ्या वर. ट्रकखाली उभे राहून पोते पाठीवर घ्यायचे, वाकलेल्या अवस्थेत पायऱ्या चढायच्या, पावसाळ्यात त्या निसरड्या, आणि आत अंधारात थप्पीपर्यंत पोचायचे. माणसे तीच. टोळी तीच. पहिल्या गोदामात ट्रक जेवणाच्या सुट्टीआधी मोकळा होई, दुसऱ्यात दिवेलागण होई. दुसऱ्या गोदामाचा मालक पहिल्यापेक्षा जास्त ओरडत असे, हे वेगळे सांगायला नको.

ओझ्याचे वजन पोत्यावर छापलेले असते. ते किती जड आहे हे मात्र ज्याने वाहिले त्यालाच कळते, कारण जडपणा नुसत्या किलोंत नसतो. पोते जमिनीवरून उचलायचे की कमरेच्या उंचीवरून घ्यायचे, ते अंगाशी धरता येते की हातभर दूर राहते, उचलताना कमरेत वळावे लागते का, दर मिनिटाला उचलायचे की दर पाच मिनिटांनी, या सगळ्यावर ते ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये उचलण्याच्या कामाचे एक सूत्र सुधारून मांडले. सर्व काही अनुकूल असेल, म्हणजे ओझे अंगाजवळ, योग्य उंचीवर, पकड चांगली, वळणे नाही, घाई नाही, तर ते सूत्र २३ किलोपासून सुरू होते. त्यापुढे प्रत्येक अडचणीगणिक आकडा खाली उतरत जातो. आपल्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यापाशी उभे राहून हे सूत्र वाचले तर हसू येते. पण सूत्रातले तत्त्व आपल्या कोणत्याही जुन्या हमालाला ठाऊक असते. आकडा कुठे लावायचा, पोते पाठीच्या कोणत्या भागावर घ्यायचे, डोक्यावर घेताना चुंबळ कशी वळायची, गुडघे कधी वाकवायचे, हे तो नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि या कामाची नोंद सरकारदरबारी होते ती ‘अकुशल’ म्हणून! शंभरेक पोत्यांची थप्पी न ढासळता उभी करून दाखवा, मग त्या शब्दाविषयी बोलू.

कामाचा उरक मोजायचा प्रयत्न शंभर वर्षांहून आधी झाला, आणि तो नेमका उचलण्याच्या कामावरच झाला. फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन अभियंता बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात होता. १८९९ साली तेथे बिडाच्या लाद्या रेल्वेच्या वाघिणीत भरण्याचे काम चालू होते. एक लादी ९२ पौंडांची, म्हणजे साधारण ४२ किलोंची. ती उचलायची, फळीवरून वर चालत जायचे आणि वाघिणीत टाकायची. एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरत असे. टेलरचे म्हणणे असे, की काम नीट आखून दिले तर तोच माणूस साडेसत्तेचाळीस टन भरू शकतो. आणि एका कामगाराकडून त्याने ते करून घेतले असे तो लिहितो. आपल्या भाषेत सांगायचे तर ५० किलोची साडेनऊशेहून अधिक पोती, एकट्याने, एका दिवसात.

पुढे अभ्यासकांनी टेलरच्या या कथेतल्या बऱ्याच तपशिलांवर शंका घेतल्या आहेत आणि गोष्ट रंगवून सांगितलेली दिसते असे म्हटले आहे. कादंबरीकार म्हणून मला त्याचे नवल वाटत नाही. पण त्याच्या लिखाणातला एक भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि तोच आपल्या कामाचा आहे. टेलर म्हणतो, ९२ पौंडांची लादी वाहणारा उत्तम कामगारसुद्धा दिवसातला केवळ ४३ टक्के वेळ ओझ्याखाली राहू शकतो. उरलेला ५७ टक्के वेळ त्याचे अंग ओझ्यापासून मोकळे असले पाहिजे. रिकाम्या हाताने परत चालत येणे त्यातच आले. लादी निम्म्या वजनाची केली तर तो ५८ टक्के वेळ ओझे वाहू शकतो. वजन आणखी कमी करत गेले की एक टप्पा असा येतो की माणूस ते दिवसभर न थकता वाहील. म्हणजे उरक वाढवण्याचा ज्याने ध्यास घेतला होता, त्या माणसाने घड्याळ हातात घेऊन शोधून काढले ते काय, तर विश्रांती हा कामाचाच भाग आहे! त्याचा निरीक्षक कामगाराला ‘आता उचल’ असे सांगे, तसाच ‘आता बस’ असेही सांगे. आपल्याकडे टेलरचे शिष्य पुष्कळ झाले. ‘आता बस’ म्हणणारा मुकादम मात्र मला अजून भेटायचा आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेले, म्हणजे जवळजवळ चौपट झाले. मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, म्हणजे दीडपटीच्या जरा वर. मधला फरक कुणाच्या खात्यावर जमा झाला, हे विचारण्याचे कारण नाही. आणि आठांतल्या एखाद्यालाच हे काम झेपेल, असेही टेलरनेच लिहून ठेवले आहे. त्या बाकीच्या सातांचे काय, यावर तो फार वेळ घालवत नाही. ज्याला ते झेपेल तो बुद्धीने बैलाच्या जवळचा असावा, असे एक वाक्यही त्याच्या पुस्तकात आहे. बैल पुन्हा आलाच. फक्त आमच्या बैलाला निदान दुपारची सुट्टी तरी लिहून दिलेली आहे.

काम मोजण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती शोधायला वर्ध्याच्या माणसाला अमेरिकेत जावे लागत नाही. विनोबा १९३० च्या दशकात वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहत होते. सूत कातणाऱ्या बायांना जी मजुरी मिळते, तिच्यात माणूस जगू शकतो का, हा प्रश्न त्यांनी घड्याळ घेऊन दुसऱ्यावर अजमावला नाही. ते स्वतः रोज तासन्‌तास कातायला बसले आणि तेवढ्या कमाईत स्वतःचे पोट भरते का, हे पाहू लागले. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह गांधीजींनी चरखा संघापाशी धरला. खादी महागेल, खपणार नाही, ही संघातल्या व्यवहारी लोकांची भीती खोटी नव्हती; पण ती त्यांनी शेवटचा शब्द मानली नाही. शेजारीच मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात घाण्यावर प्रयोग चालले होते. त्यातून निघालेली ‘वर्धा घाणी’ पुढे देशभर गेली. जुन्या घाणीपेक्षा तिचा उरक मोठा. बैल तोच, फिरणे तेच, बदलली ती घाणीची घडण. गोदामापुढच्या दगडी ओट्याची गोष्ट काय वेगळी आहे? माणूस बदलू नका, त्याच्याभोवतीची रचना बदला, हे या गावात नव्वद वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे. फक्त ते तेलापुरते राहिले, हमालापर्यंत आले नाही.

का आले नाही, याचे उत्तर मला बँकेतल्या एका शब्दात सापडते. घसारा. व्यापाऱ्याच्या ताळेबंदात गोदामाचा घसारा धरलेला असतो, ट्रकचा असतो, वजनकाट्याचा असतो, कचेरीतल्या पंख्याचासुद्धा असतो. दरवर्षी त्या वस्तू किती झिजल्या, याची रक्कम नफ्यातून वजा होते आणि त्यावरचा कर वाचतो. सर्वांत जास्त झिजते ती वस्तू, म्हणजे हमालाची पाठ, कोणाच्याच ताळेबंदात नसते. कारण ती व्यापाऱ्याच्या मालकीची नाही. ती हमालाची स्वतःची. झीजही त्याची आणि दुरुस्तीचा खर्चही त्याचा. हमालीचा दर नगावर किंवा क्विंटलवर. ओट्यावाचून ट्रक उतरवायला दुप्पट वेळ लागला तर जास्तीचा वेळ हमालाचा गेला, मालकाचा काय गेला? मग मालक ओटा कशाला बांधील? हा दुष्टपणा नव्हे, हे साधे गणित आहे. म्हणूनच ते उपदेशाने बदलत नाही.

आणि नगावरची मजुरी माणसाला स्वतःचाच मुकादम बनवते. ‘आता बस’ असे त्याला कोणी म्हटले तरी तो बसणार नाही. बसला तर नग बुडतो. हंगामात, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, कापूस आणि सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा अंगात ताप असताना पोती उचलणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती. पुढच्या चार महिन्यांत यार्डात शुकशुकाट असणार, हे त्यांना ठाऊक होते.

एकदा एक हमाल घराच्या छपरासाठी कर्ज मागायला आला होता. वय पस्तिशीचे. मी त्याला दहा वर्षांची परतफेड सुचवली, म्हणजे हप्ता लहान पडेल. तो म्हणाला, “साहेब, पाचच वर्षं करा.” हप्ता जड जाईल, मी म्हटले. “जाऊ द्या. पाच वर्षं पाठ आहे. पुढचं कोणी पाहिलं?” आमच्या छापील अर्जात निवृत्तीच्या वयाचा रकाना होता. नोकरदार तेथे अठ्ठावन्न लिहीत. या माणसाने आपल्या पाठीचा घसारा माझ्यापेक्षा चोख काढलेला होता. त्याचे कर्ज वेळेत फिटले. त्यानंतर तो टोळीत थप्पी मोजायच्या आणि हिशेब ठेवायच्या कामावर आला. टोळ्यांमध्ये ही एक चांगली रीत असते. थकलेल्या माणसाला हलके काम देतात आणि वाटा मात्र पुरता देतात. कोणत्याही कायद्याने हे सांगितलेले नाही.

कायद्यांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण महाराष्ट्र या बाबतीत मागासलेला नाही. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली आपल्या राज्याने जो कायदा केला, तसा त्याआधी देशात नव्हता. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोदी-बाजारांतून माथाड्यांना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नासच्या दशकापासून उभी होती; या चळवळींच्या रेट्याने तो आला. ज्याचा एक मालक नाही अशा माणसालाही भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना मिळावा, म्हणून मंडळे निघाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगारापर्यंत पोचवायची. बँकरच्या नजरेने पाहिले तर ही लेव्ही म्हणजे पाठीचा घसाराच, पहिल्यांदाच कुणाच्या तरी वहीत नोंदलेला. या व्यवस्थेत पुढे गैरप्रकार शिरले, औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाने खंडणी उकळण्याच्या तक्रारी झाल्या, हे खरे आहे. पण मुंबई-पुण्याच्या माथाड्याची मुले शिकून नोकरीला लागली तीही याच व्यवस्थेमुळे. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू केले. उपाशीपोटी उचललेल्या पोत्याचा आणि जेवून उचललेल्या पोत्याचा उरक वेगळा असतो, हे ओळखायला तेथे कोणत्याही अभियंत्याची गरज पडली नाही.

पोत्याचे वजन ५० किलोंवर आणा, ही हमाल संघटनांची जुनी मागणी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. त्या कराराला भारताने मान्यता दिली २०१० मध्ये. त्रेचाळीस वर्षे! एवढ्यात हमालांच्या दोन पिढ्या यार्डातून घरी गेल्या. दरम्यान धान्य-साखरेची पोती हळूहळू निम्म्यावर आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी हिशेब मांडला की निम्मे पोते म्हणजे दुप्पट फेऱ्या, म्हणजे काम मंदावणार. कागदावर हे बरोबर दिसते. पण क्विंटलाचे पोते एकट्याच्या पाठीवर आपोआप चढत नाही. दोघे जण ते उचलून देतात तेव्हा तिसरा चालू लागतो. पन्नास किलोचे पोते एकच माणूस चढवून देतो, सवयीचा माणूस स्वतःही घेतो. मोकळे झालेले हात फेऱ्या मारू लागतात. शिवाय क्विंटलवाला चाळिशीत घरी बसत असे, त्याच्या जागी नवा पोरगा शिकवावा लागे, हा खर्च कोणी मोजलाच नव्हता.

युरियाच्या पोत्याची गंमत याहून वेगळी. २०१८ पासून ते ५० ऐवजी ४५ किलोचे झाले. मला वाटले, कोणाला तरी हमालाची आठवण झाली. तसे नव्हते. शेतकरी एकराला किलो मोजत नाही, पोती मोजतो. पोते लहान केले की युरिया कमी पडेल, असा तो विचार होता. पाठीवरचे पाच किलो उतरले ते जमिनीच्या आरोग्यासाठी. असो, उतरले हे महत्त्वाचे. रेल्वेने २०१६ मध्ये हमालांचे ‘सहायक’ असे नामकरण केले, त्यापेक्षा हे बरे. त्यात नुसते नावच हलके झाले होते.

हे सारे यार्डातले, म्हणजे त्यातल्या त्यात उजेडातले. ठेकेदारीच्या अंधारात काय चालते ते आपल्या जिल्ह्याने २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी पाहिले. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या, सोनेगाव आबाजीजवळच्या जागेवर जुना, निकामी करायचा दारूगोळा आला होता. पेट्या उतरवण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. मेलेल्यांत आणि जखमींत आसपासच्या खेड्यांतले, ठेकेदाराकडे रोजाने लागलेले मजूर होते. दोष कुणाचा, हा चौकशीचा विषय. मी त्यात शिरत नाही. मी एवढेच पाहतो की बॉम्बगोळ्यांची पेटी उतरवणे हेही काम आपल्याकडे रोजंदारीचे असते. सकाळी गावातून गाडी भरून माणसे न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. पेटी कशी धरायची, किती वेळाने हात बदलायचा, थकवा आला तर कोणाला सांगायचे, हे काम शिकवण्याजोगे आहे असे मानले तरच शिकवले जाणार. आपण त्याला ‘अकुशल’ असा शिक्का मारून ठेवला आहे.

आणि ऊन. वर्ध्याच्या उन्हाविषयी वर्ध्याच्या वाचकाला काय सांगायचे? एप्रिल-मे महिन्यांत येथे ३७ अंश ही सकाळच्या दहा-अकराची गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने असा अंदाज दिला की उष्णतेपायी भारतात १९९५ साली कामाचे ४.३ टक्के तास वाया गेले, ते प्रमाण २०३० मध्ये ५.८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे काम. हे तास वाया कसे जातात? माणूस धापा टाकत सावलीत बसतो, तेव्हा जातात. म्हणजे दुपारची सुट्टी शरीर घेतेच. प्रश्न एवढाच की ती ठरवून, पाणी पिऊन, सावलीत घ्यायची, की चक्कर येऊन मालधक्क्यावर कोसळून. पहाटे पाचला काम सुरू करून अकराला थांबवायचे आणि संध्याकाळी पुन्हा जुंपायचे, हे आमच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ट्रकवाल्याला, अडत्याला आणि कचेरीला ते जमत नाही, कारण त्यांचे घड्याळ दहा ते पाच आहे.

हंगामापूर्वी बाजार समित्यांना, मालधक्क्यांना, जिनिंगवाल्यांना करता येण्याजोग्या गोष्टी फार नाहीत आणि त्या महागही नाहीत. ट्रकच्या उंचीचा ओटा. ओटा नसेल तर बाक न येणारी रुंद फळी. गोदामाच्या दारात दिवा. चाकांची ढकलगाडी, १९७२ मध्ये सरकारी बँकांतून ४ टक्के व्याजाची योजना निघाली, तिच्यातून आम्ही हातगाड्यांना कर्जे देत असू, आणि चाक आले की तोच माणूस एका खेपेत काय ओढून नेतो हे मी पाहिले आहे. पिण्याचे पाणी, पण यार्डाच्या त्या टोकाला नव्हे, थप्पीच्या शेजारी. बायांसाठी संडास, रेजा दिवसभर पाणी पीत नाहीत त्याचे कारण तहान नसणे हे नव्हे. यांतल्या प्रत्येक गोष्टीने पोती लवकर हलतील. पण ज्याचा वेळ वाचतो तो ओटा बांधू शकत नाही आणि जो बांधू शकतो त्याचा वेळ वाचत नाही, ही गाठ सुटल्याशिवाय काही होणार नाही. गाडी ठरावीक वेळेत मोकळी झाली नाही तर ट्रकभाड्याचा दंड गोदामवाल्याने भरायचा, असा साधा करार जरी झाला, तरी ओटे पुढच्या दसऱ्याच्या आत उभे राहतील, अशी माझी खात्री आहे.

मालक म्हणजे फक्त व्यापारी, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीचे वजन धरून भरलेला सिलिंडर होतो ३० किलोंच्या आसपास. आमच्या इमारतीला तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. अशा इमारती वर्ध्यात गल्लोगल्ली आहेत. सिलिंडरवाला पोरगा तो खांद्यावर घेऊन चढतो. मधे टेकवावा तर पायरीवर ठेवावा लागतो, म्हणजे पुन्हा जमिनीपासून उचलणे आले. म्हणून तो टेकवतच नाही, एका दमात वर येतो आणि दारात उभा राहून बोलू शकत नाही. आपण त्याला वरचे दहा-वीस रुपये द्यायचे की नाही, यावर घरात चर्चा करतो.

तामिळनाडूत प्रवास करताना रस्त्याकडेला ‘सुमैतांगी’ दिसतात. केरळातही आहेत, तेथे नाव वेगळे. दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा, माणसाच्या खांद्याच्या उंचीचा. डोक्यावरचे ओझे कोणाच्या मदतीवाचून त्यावर सरकवायचे, दम घ्यायचा, पुन्हा डोक्यावर सरकवून चालू लागायचे. गर्भारपणात मेलेल्या बाईच्या नावाने हे दगड उभारण्याची तिकडे चाल होती. ओझे पुरते उतरल्याशिवाय गेलेल्या बाईच्या आठवणीसाठी याहून उचित वस्तू कोणाला सुचली नसती.

आमच्या इमारतीच्या बैठकीत मी हे सांगितले. नेहमीप्रमाणे पाण्याच्या टाकीवर दीड तास वाद झाला आणि शेवटच्या पाच मिनिटांत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर विटांचा एक ओटा बांधायचे ठरले. गवंडी आला त्या दिवशी सिलिंडरची गाडीही आली होती. ओटा किती उंच घ्यायचा, यावर आम्ही चार म्हातारे आपापले मत देत होतो. गवंड्याने सिलिंडरवाल्या पोराला बोलावले. तो भरला सिलिंडर खांद्यावर घेऊन वळणावर येऊन उभा राहिला, गुडघ्यांत किंचित वाकला आणि म्हणाला, “इथवर घ्या, काकाजी.” गवंड्याने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवर तेथे आडवी रेघ ओढली.